मुकं स्टिअरिंग

उंच गाडीच्या पाठीवर ‘स्पोर्ट’ असा बिल्ला ठोकला म्हणून ती पळायला लागत नाही, असं बाबा ती नवी छोटी एसयूव्ही रस्त्यावर येण्याच्या आधीपासून म्हणत होते. धड ना मोटार, धड ना जीप. आईने विचारलं, न बघताच कसं बोलता? बाबा म्हणाले, चालवून बघीन आणि मग हेच बोलीन.

बाबा वाहनांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. नव्या मॉडेलचं स्टिअरिंग किती जड असावं, किती हलकं, हे त्यांनी हातांनी सांगायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा लोकांना घड्याळं देतात तसं त्यांना एक स्टिअरिंगचं चाक दिलं. ते बैठकीत भिंतीवर आहे आणि त्यावरची धूळ पुसायचा हक्क घरात फक्त बाबांना आहे.

दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद पेट्रोल पंपावर त्यांची मंडळी जमते. टायरवाले काका, दातांचे डॉक्टर आणि मी. जगात एवढ्या भानगडी असताना माणसं गाडीच्या दाराच्या आवाजावरून हमरीतुमरीवर येतात, हे मला लहानपणी वेडेपणाचं वाटायचं. पुढे मीही त्यातलीच झाले. बाबांचे नियम कडक. कुणीतरी ओळखीने नवी गाडी मिळवायची. प्रत्येकाने ती तलावाच्या रस्त्याने पुलापर्यंत न्यायची आणि परत आणायची, रेडिओ बंद, तोंड बंद. मग मतं. सगळ्यात लहान आधी, बाबा शेवटी. “नाहीतर तुम्ही सगळे माझी री ओढाल,” असं ते म्हणायचे. आणि एकदा दिलेलं मत मागे घ्यायचं नाही.

त्या रविवारी काकांनी शोरूममधल्या ओळखीच्या माणसाकडून ती गाडी आणली. भोपळ्याच्या रंगाची, चाकांवर काळ्या प्लॅस्टिकच्या भुवया. मागे एक्झॉस्टची दोन तोंडं होती, त्यातलं एक नुसतंच शोभेचं. डॉक्टरांनी त्यात बोट घालून बघितलं आणि ते खुशीत आले.

मी पहिली गेले. तलावाचा रस्ता जुना आणि खरखरीत आहे. पुलाच्या अलीकडे मात्र एक तुकडा नव्याने डांबर टाकून गुळगुळीत केला होता. तिथे चाक लागलं आणि हातातली खरखर अशी अचानक थांबली की मी आश्चर्याने हातांकडे बघितलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मतांमध्ये एवढ्या बारक्या गोष्टीला कोण विचारतं!

“मागे बसलं की गुडघे पोटात येतात,” परतल्यावर मी म्हणाले. “पण स्टिअरिंग झकास. आवडली मला.”

“इंजिनाचा निम्मा आवाज स्पीकरमधून येतो,” डॉक्टर म्हणाले. “कवळी बसवलीय नुसती. पण वळणावर झुकत नाही हो ती, आणि स्टिअरिंग बोलतं.”

काका गाडीकडे बघत उभे होते. ते सहसा स्तुती करत नाहीत. टायर विकणाऱ्याला ते परवडत नाही, असं ते म्हणतात. “एवढ्या उंच गाडीत रस्ता असा तळहातात आलेला मी बघितला नव्हता,” ते म्हणाले. “शिव्या द्यायच्या तयारीने गेलो होतो.”

मग बाबा गेले. परतले तेव्हा त्यांनी दार हळूच लावलं.

“स्टिअरिंग मुकं आहे,” ते म्हणाले. “रस्ता हातात येतच नाही. गादीत हात खुपसल्यासारखं वाटतं.”

मग काका घसा खाकरून म्हणाले, “तसं बघितलं तर... थोडं गादीसारखं आहे खरं.” डॉक्टरांनीही मान हलवली. “मधल्या भागात जरा मेलेलंच आहे, नाही का? आता तुम्ही म्हटल्यावर जाणवतंय.”

माझं डोकं फिरलं. दोन जाणती माणसं, स्वतःच्या हातांनी घेतलेला अनुभव दोन मिनिटांत गिळून मोकळी! मी त्यांना फैलावर घेणार होते, तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते चहाचा कागदी पेला दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे बघत होते. बघत होते, कारण नजर हलवली तर पेला निसटला असता.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली नाहीत की दहातले आठ जण म्हणतात, तुमची अक्षरंच पुसट छापलीत. मी रोज हसते त्यांना. त्या सकाळी हसू आलं नाही.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मतांचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत गाडीवेड्यांची जत्रा भरली. म्हातारा एकटाच खरं बोलतोय, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, म्हाताऱ्याला घरी बसवा. कुणी गाडी न बघताच स्टिअरिंगला मुकं म्हणू लागला. बाबा सोफ्यावर बसून सगळं वाचत होते आणि खूश होते.

मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. “बाबांच्या हाताला काही होतंय का?”

आई भांडी पुसायची थांबली. “शर्टाची बटणं मी लावते हल्ली,” ती म्हणाली. “हिवाळ्यात सुरू झालं. म्हटलं, थंडीने बोटं आखडली असतील. थट्टाही केली, म्हातारपणी लाड करून घेताय म्हणून. आता उन्हाळा आला, तरी मीच लावतेय.”

“आणि तू त्यांच्या शेजारी बसून दर गुरुवारी मावशीकडे जातेस? तलावाकाठच्या त्या वळणांवरून?”

“मग काय करू? गाडी चालवू नका म्हणू? त्यांना?” तिचे डोळे भरले. “तू सांग. माझ्याने नाही व्हायचं.”

माझ्यानेही होत नव्हतं. न सांगावं तर एखाद्या गुरुवारी दोघंही तलावात. सांगावं, तर ज्या हातांच्या जिवावर हा माणूस आयुष्यभर ताठ चालला ते हात मी त्याच्याकडून काढून घेणार. बुधवारपर्यंत मी नुसती चडफडत राहिले. कधी आईवर, कधी त्या भोपळ्याच्या रंगाच्या गाडीवर.

बुधवारी सकाळी बाबांनीच हाक मारली. “चल, तुला बोलणारं स्टिअरिंग कसं असतं ते दाखवतो. तुझेही कान बिघडलेत.”

त्यांची जुनी लाल गाडी बुटकी आहे, आवाज कानठळ्या बसवणारा. तिच्यात बसलं की बाबा दहा वर्षांनी लहान होतात. तलावाच्या रस्त्याला लागल्यावर ते सांगू लागले. आता झाडाच्या मुळांचा उंचवटा येईल, आला बघ. आता रस्ता डावीकडे कलेल, बघ कशी ओढतेय. सगळं बरोबर. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हात शाबूत आहेत, आपणच घाबरट, असं म्हणून मी मागे टेकले.

पुलाच्या अलीकडचं वळण आलं.

“आता खरखर,” बाबा म्हणाले. “ही बघ. अजून आहे. अजून आहे. दाताखाली खडा आल्यासारखी. संपली. आला पूल.”

खाली नवं डांबर होतं. गाडी मेणकापडावरून गेल्यासारखी गेली. बाबांची नजर नेहमीसारखी लांब, पुढच्या वळणावर होती. चाकाखालचं बघायचं काम त्यांनी कायमच हातांवर सोपवलेलं.

मी मनात केवढं तरी भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

“बाबा, गाडी बाजूला घ्या.”

“का गं? मळमळतंय का?”

“इथे खरखर नाहीये, बाबा.”

त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. काळ्याभोर रस्त्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात देत खाली बसले आणि तळहात डांबरावर फिरवला. उठून मागे गेले, जिथे जुना रस्ता संपत होता तिथे. तिथेही हात फिरवला. पुन्हा नव्यावर. पुन्हा जुन्यावर. रिकाम्या रस्त्यावर माझा बाप रांगत होता आणि मी दाराला धरून उभी होते.

“रविवारी होतं हे?” त्यांनी विचारलं.

“होतं.”

ते बराच वेळ हातांकडे बघत राहिले. तळव्याला खडे चिकटले होते, एका बोटाला खरचटलंही होतं. त्यांना ते कळलं नव्हतं.

“त्या गाडीतलं मला काही पाठ नव्हतं,” ते म्हणाले. “म्हणून ती मुकी. हिच्यात मला रस्ता लागत नव्हता गं. नुसता आठवत होता.”

मी रडले. ते रडले नाहीत. रुमाल काढायला त्यांना खिसा सापडेना, तो मी काढला आणि त्यांचे हात पुसले. मग ते गाडीला वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेले. त्या गाडीत त्या बाजूला बसलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. पट्टा कुठून ओढायचा हेही त्यांना शोधावं लागलं.

दातांच्या डॉक्टरांनी ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. नसांचा आजार आहे, औषध घ्या, संवेदना परत येईल किंवा येणारही नाही, असं ते म्हणाले. गुरुवारी आईला मावशीकडे मी नेलं. बाबा मागे बसले.

रविवारी ते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण ते तयार होऊन बसले होते, बटणं लावलेली. पंपावर गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोनवर व्हिडिओ सुरू करायला सांगितलं.

“मत मागे घ्यायचं नाही हा नियम माझाच,” ते म्हणाले. “तो मी आज मोडतोय. स्टिअरिंग मुकं नाही. माझे हात बधिर झालेत.” मग ते काका आणि डॉक्टरांकडे वळले. “आणि तुम्ही? तुमचे हात तर धड होते ना? तुमच्यातला एक जण जरी अडून बसला असता, तरी मला त्याच दिवशी शंका आली असती.”

काकांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला.

काकांनी मिनतवारी करून ती गाडी पुन्हा आणली होती. बाबा माझ्या शेजारी बसले. रेडिओ बंद. पण तोंड बंद ठेवायचा नियमही त्यांनी त्या दिवशी मोडला.

“काय लागतंय, सांग.”

“जिवंत आहे,” मी म्हणाले. “रस्ता हातात येतोय, अगदी...”

“हे माझे शब्द. तुझे सांग.”

जन्मभर त्यांच्याच शब्दांत मी गाड्या चालवल्या होत्या. झाडं गेली, तलावाचं पाणी दिसायला लागलं.

“डाव्या हाताला आधी कळतंय,” मी चाचरत म्हणाले. “मग उजव्या. बारीक आहे, मुंग्या आल्यासारखं, पण त्रास देत नाही. आता जरा वाढलं. वळण आलं. जड झालं, पण मला विचारून झालं. आणि आता...” नवं डांबर चाकाखाली आलं. “आता थांबलं, बाबा.”

त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि चाकाखालचा रस्ता डोळ्यांनी बघितला.

“थांबलं,” ते म्हणाले. “गाडी चांगली आहे.”