पंख्याभोवतीची भिंत

मी भिंत बोलतेय. घराची नव्हे, पाण्याच्या पंपाची. आत गरगर फिरतो तो पंखा आणि त्याच्याभोवती बिडाचं गोल कवच आहे ते मी. सगळं कौतुक पंख्याचं होतं. मला बोल्टांनी जखडलं की माझं काम संपलं, असं लोकांना वाटतं.

बासष्ट साली खोपोलीजवळच्या कारखान्यात मला ओतलं आणि पेज नदीच्या काठी आणून बसवलं. वरच्या वीजघराचं पाणी येतं म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. ते पाणी गौराबाईच्या वरच्या शेतात चढवायचं, उन्हाळी भाताला. पाणी माझ्यातून जाई, मी मात्र जागच्या जागी. मला चिकटलेला पाण्याचा पातळ थरसुद्धा हलत नसे. तो बिचारा माझ्यासारखाच अडकलेला. खरं सांगते, फार कोंडल्यासारखं व्हायचं.

गौराबाईचा मुलगा सहदेव माझ्यावर बसून पाय धूत लहानाचा मोठा झाला. पुढे शिकला, त्याच कारखान्यात इंजिनिअर झाला. शहाऐंशीच्या चैत्रात पंप पाणी चढवीना, तेव्हा तोच मला टेंपोत घालून घेऊन गेला.

निघताना गौराबाई म्हणाली, "सहदेवा, भात पिवळं पडाया लागलंय रं. लवकर आण."

कारखान्यात नुकताच संगणक आला होता. सहदेवनं त्यावर माझ्यातल्या पाण्याचा हिशोब मांडला. सोपं पडावं म्हणून हिशोब पंख्यावर बसून केलेला, म्हणजे पंखा थांबलेला धरायचा आणि बाकीचं जग तिथून बघायचं. माझ्यापुढे त्यानं लिहिलं, 'स्थिर'. जन्मभर मला हललेलं पाहिलं नव्हतं ना त्यानं. पण फिरत्या पंख्यावरून जी स्थिर दिसते, ती पंख्याबरोबर फिरतच असणार. झालं, हिशोबात मीही गरगरायला लागले. पाण्याला माझा अडसर राहिला नाही, आणि ते भराभर वर चढलं.

खऱ्या शेतात तर चढत नव्हतं. मग पंखा चांगला ठरला आणि खोट माझ्यात निघाली. भिंतीला कुठेतरी तडा असणार म्हणे. ओतकामावरच्या पोपटनं माझ्यावर खडूनं फुली मारली. "भट्टीत टाकतो सायेब. नवी व्हायला म्हयना लागंल."

महिन्यानं भात राहिलं नसतं, आणि मीही. मला तडा नव्हता. पण भिंतीचं ऐकतो कोण?

त्या रविवारी गावची जत्रा होती. सहदेव बायकोला घेऊन चक्री पाळण्यात बसला, गौराबाई खाली चपला राखत उभी. पुढचं मला कळलं ते सोमवारी तो पोपटला सांगत होता म्हणून.

उतरल्यावर तो हसून म्हणाला होता, "आई, वरून बघताना तू सारखी मागं पळत होतीस."

"मी कशाला पळू? तू उबी केलीस तितंच हाय मी."

त्यावर तो जिलबी घ्यायचीही विसरला, असं त्याची बायको जयवंता म्हणे. सोमवारी त्यानं हिशोब बदलला. पंख्यावरून बघायचं तर उभी भिंत उलटी पळताना दिसली पाहिजे. त्यानं मला उलटं पळवलं, तेव्हा कुठे मी उभी ठरले. आता हिशोबातलंही पाणी चढेना. दोष पंख्याचा होता. त्याच मोसमात दुकानातून आणून बसवलेला तो दिसायला झकास, पण मला लहान पडणारा होता. पोपटनं नवा पंखा बसवला आणि हातानंच माझ्यावरची फुली पुसली.

भात वाचलं. मी पुन्हा पेजच्या काठी, त्याच बोल्टांत. ज्या शेतासाठी राबते ते वरचं शेत मी अजून पाहिलेलं नाही.

सहदेव यष्टीनं परत गेला. त्याला पोचवून गौराबाई माझ्यापाशी येऊन बसली, गार बिडावर हात ठेवून म्हणाली, "तू आन मी, दोगी हितंच गं."

सहदेवा, तू असाच फिरत राहणार. खिडकीतून तुला आई मागं मागं जाताना दिसेल. हिशोबात तसंच लिही बाबा, पण ती उभी आहे, हे विसरू नकोस.