उंबरठ्यावरची घडी

मावशीला साबणाचा वास येत नसे. उभा जन्म त्यातच गेल्यावर येणार तरी कुठून? पण संशयाचा वास तिला भिंतीपलीकडूनही यायचा. कपडा हाती आला की आधी खिसे चाचपायचे, मग उलटा करायचा, मगच पाण्यात टाकायचा, हा धुलाईघराचा पहिला धडा. मावशीने तो माणसांनाही लावला होता. कुणी समोर आलं की ती डोळ्यांनीच त्याचे खिसे चाचपून घ्यायची.

हल्ली तिला शिडीचा खिसा जड वाटत होता.

शिडी म्हणजे तिची घडीची जोडीदारीण. स्टूल न घेता वरच्या तारेपर्यंत हात पोचायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव. हॉस्पिटलच्या चादरी त्या दोघींकडे असत. चादरीची घडी एकटीचं काम नव्हे. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, फाटकन झटकायची. मधे वाऱ्याचा फुगा उठतो, तो बसायच्या आत एकाच दमात पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, खाली लोंबणारी दुमड समोरचीने वाकून उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. बघणाऱ्याला नाच वाटावा. मावशीची त्यावर एक ओळही होती, कधीची कुणास ठाऊक, हाताबरोबर तोंडात आलेली:

*एक टोक तुझ्या हाती, एक टोक माझ्या हाती,*
*मधे वाऱ्याची वसती, झटक बाई।*

आणि आता ही झटक चुकत होती. मावशी पुढे यायची तेव्हा शिडी अर्ध्या पावलावर अडायची. चादर तिरकी बसायची, पुन्हा उलगडावी लागायची.

"काय गं, हाताला मेंदी लागलीय का?"

"खांदा दुखतोय."

"आणि घसा? विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतोय."

"सर्दी झालीय."

"भर उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात सर्दीला बंदी आहे का मावशी?" शिडी हसली, पण हसू ओठांवरच वाळलं.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. मग तिने धागे जुळवायला घेतले. शिडी हल्ली सगळ्यांबरोबर मागच्या खोलीत कपडे बदलायला येत नाही. घरूनच जाड सदरा घालून येते. अधूनमधून दुपारची सुट्टी मागते आणि कारण विचारलं की चपलांकडे बघते. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि मुरत असेल तर ते पुलापलीकडेच, जिथे मोठमोठी यंत्रं लावून नवी लॉन्ड्री उघडली होती आणि तिथला माणूस हॉस्पिटलच्या कामावर टपून बसला होता. शिडी फितूर झाली! हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि गारव्यातल्या ओल्या कपड्यासारखा तिथेच राहिला, वाळेचना.

मावशीला असं वाटावं याला कारण होतं. हे धुलाईघर पूर्वी एका मालकाचं होतं. बायका मागच्या खोलीत ओले कपडे बदलायला गेल्या की त्याला नेमकं तिथलंच काहीतरी आठवायचं. कधी हातोडा, कधी छत्री. दाराला आतून कडी नव्हती. पुढे त्याने धंदा गुंडाळला, भट्ट्या गंजायला सोडल्या, आणि बायकांनीच एकत्र येऊन त्या पुन्हा पेटवल्या. त्या दिवशी मावशीने पहिलं काम केलं ते म्हणजे दाराला आतून कडी ठोकली. दुसरं, नियम सांगितला: उंबरठ्याच्या आत पुरुषाचं पाऊल पडणार नाही. तेव्हापासून हॉस्पिटलचा गाडीवालासुद्धा गाठोडी उंबरठ्यावर ठेवून बाहेरूनच हाक मारायचा.

"मावशी, एक दिवस तरी आत चहाला बोलवा की!"

"तुला बाहेरच गोड लागतो रे."

नव्या कायद्याची चर्चा तेव्हा रेडिओवर दिवसभर चाले. बाई कुणाला म्हणायचं, पुरुष कुणाला, ते ज्याचं त्याने सांगायचं की जन्माने ठरायचं, यावर जाणती माणसं एकमेकांचं बोलणं तोडत भांडत. भट्टीवाली लाकडं सारता सारता त्यांना उत्तरं द्यायची. इस्त्रीवाली मुकाट ऐकायची आणि इस्त्री जरा जोरात आपटायची.

"म्हणजे बघा," मावशी एकदा चादर झटकत म्हणाली, "उद्या आपला तो जुना मालक येऊन म्हणाला, आजपासून मी बाई, की आपण कडी काढायची? कसलं सोंग! असल्यांना मी पायरीवरूनच हाकलीन."

शिडीच्या हातून टोक सुटलं. चादर फरशीवर पडली, पुन्हा धुवावी लागली. मावशीने तिच्याकडे रोखून बघितलं आणि मनाशी म्हणाली, चोराच्या मनात काय चाललंय ते हातांना लपवता येत नाही.

पुढच्या वेळी शिडीने दुपारची सुट्टी मागितली तेव्हा मावशीने ती गोड बोलून दिली आणि पाठोपाठ स्वतः निघाली. डोक्यावरून पदर घेतला, जणू त्याने तिची ती जगप्रसिद्ध डुलती चाल लपणार होती. शिडी पुलाकडे वळली नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरली, चांभाराचं दुकान ओलांडलं, आणि कोपऱ्यावरच्या सलूनचं दार ढकलून आत गेली.

मावशी काचेशी उभी राहिली. आत पंखा फिरत होता. शिडी खुर्चीत मागे रेलून बसली होती. न्हाव्याने गळ्याभोवती फडकं बांधलं, ब्रश ओला केला आणि तिच्या गालांवर, हनुवटीवर पांढरा फेस चढवला.

"मान जरा वर, दादा," न्हावी म्हणाला. रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, सहज.

मग वस्तरा चालला. फेसाखालून दाढीचे बारीक खुंट निघाले. मावशीला ते कपड्यावरच्या डागासारखे स्पष्ट दिसले. आणि आरशात शिडीचे डोळे वर झाले ते थेट तिच्या डोळ्यांत.

बाहेर आल्यावर दोघं भिंतीच्या सावलीत उभी राहिली. शिडीच्या कानाखाली फेसाचा ठिपका राहिला होता. एरवी मावशीने तो पदराने पुसला असता.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "उद्या."

"उद्या! कधीपासूनचा तुझा हा उद्या?"

"तू रेडिओशी भांडायला लागलीस त्याच्या आधीपासूनचा. औषधं चालू आहेत. कायद्यानेही आता मला पुरुष म्हटलंय. घरात, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एक तुलाच सांगायचं राहिलं होतं."

"मीच बरी सापडले फसवायला. इतकी वर्षं टोकाला टोक लावलं आपण. मागच्या खोलीत माझ्या पाठीला पाठ लावून कपडे बदललेस."

"तेव्हा माझं मलाच नीट सांगता येत नव्हतं गं. सांगता आलं तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. तेवढं तरी तुझ्या नजरेतून सुटलं नसेल."

ते सुटलं नव्हतं. तिने त्याची भलतीच बेरीज केली होती, एवढंच. मावशी चिडली ती त्यानेच जास्त.

"बरं, ऐक," ती आवाज उतरवून म्हणाली. "हे मी पाहिलं, दुसऱ्या कुणी नाही. इथे गल्लीत काय व्हायचं ते हो. तिकडे आलीस की शिडीच. तोंडाने एवढंच म्हण, मी बाई. जागा जाणार नाही तुझी."

"आणि तू? तू मानशील?"

आता मावशी चपलांकडे बघत होती. तो तिला ओळखून होता. उद्यापासून ती त्याच्या प्रत्येक शब्दाचा खिसा उलटा करून बघणार होती.

दुसऱ्या दिवशी त्याने उंबरठ्याबाहेर उभं राहूनच सगळ्यांना सांगितलं. नियम असा की निकाल होईपर्यंत तो सभासद, म्हणून मावशीने त्याला आत बोलावलं. धुलाईघरात मत चिमट्याने द्यायची रीत होती. प्रत्येकीचे कपड्यांचे चिमटे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने ओळखू येत. खोलीत दोरी ताणायची, मधे गाठ मारायची, आणि जिला जी बाजू पटेल तिकडे आपला चिमटा लावायचा. सगळ्यांदेखत.

"खिडकीकडे लावला तर शिडी बाई, ती राहील," मावशी म्हणाली. "दाराकडे लावला तर पुरुष. नियमाप्रमाणे जाईल."

भट्टीवाली आधी उठली. "बाईच आहे ती. कायद्याने काही म्हणू दे आणि न्हाव्याने काही म्हणू दे. माझ्या बाळंतपणात हिने माझी भट्टी सांभाळली. खूळ आहे, उतरेल." तिने चिमटा खिडकीकडे लावला. आणखी एकदोघींनी तिचीच री ओढली.

मग इस्त्रीवाली उठली. ती नवऱ्याच्या हातून सुटून इथे आली होती. दुपारी कडी लावलेल्या खोलीत फरशीवर अंग टाकायची, आणि तिला झोप लागायची ती तेवढीच.

"मला याचं बोलणं खरं वाटतं," ती म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस मी घरात पाहिलाय, तो असा दिसत नाही. हा पुरुष आहे म्हणतो, मी मानते. पण मग मला त्या खोलीत झोप लागायची नाही. त्याचा दोष नाही. झोपच लागायची नाही." तिने चिमटा दाराकडे लावला. तिच्यामागोमाग दुसऱ्या काही गेल्या.

मावशी दोरीकडे बघत राहिली. काहीतरी तिरकं बसलं होतं, चादरीसारखं. ज्यांना शिडीचं बोलणं पटत नव्हतं, त्याच तिला ठेवून घेत होत्या. ज्या मानत होत्या त्या दार दाखवत होत्या. प्रश्न घालताना घडी चुकली होती, आणि घडी घालणारी ती स्वतःच होती.

"आज हा बाहेर जातोय," ती कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली. "उद्या एखादा मालक बाई म्हणून आत येईल."

"मालकाला बाई कुठे व्हायचं होतं मावशी?" शिडी म्हणाला. "त्याला नुसतं आत यायचं होतं."

"आणि जी खरंच बाई म्हणून येईल, ती मला ओळखू कशी येणार?"

"ते मला नाही माहीत," तो म्हणाला. मावशीला हे उत्तर त्यातल्या त्यात बरं वाटलं. गोड थाप असती तर तिने लगेच पकडली असती.

मग त्याने खिशातून आपला चिमटा काढला, निळ्या दोऱ्याचा. मावशीचे डोळे त्या हातावर. आता बघू. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर बघू, हात कुठे जातो. हात खिडकीच्या बाजूवरून गेला, गाठ ओलांडली आणि दाराकडे चिमटा लावून खाली आला. त्या सगळ्या दोरीवर त्याला पुरुष म्हणणारी तेवढीच एक बाजू होती.

भट्टीत काहीतरी फुटल्यासारखं वाजलं. मावशीने आपला चिमटा तळहातावर फिरवला, उलटा केला, सुलटा केला, आणि जाऊन त्याच्या शेजारी लावला. तिने शिडीला ठाम पुरुष मानलं ते त्या घडीला, आणि त्याला घालवलं तेही त्याच हाताने.

सकाळी गाडीवाल्याने नवी गाठोडी उंबरठ्यावर टाकली आणि धुतलेल्या चादरींसाठी तो बाहेर थांबून राहिला. भट्टीवालीला घेऊन मावशीने घडी घालून पाहिली. भट्टीवाली बुटकी, तिच्या बाजूची चादर फरशी पुसत जाई. तिरक्या चादरींचा ढीग वाढत गेला आणि मावशीच्या तोंडाचा पट्टाही. तेवढ्यात दाराशी सावली पडली.

"माझा चहाचा पेला राहिलाय," शिडी बाहेरून म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग उंबरठ्याकडे पाहिलं. मग एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं दारातून बाहेर फेकली.

"धर."

"मावशी, नियम?"

"नियम पावलाचा आहे. चादरीचा नाही."

आतून इस्त्रीवाली म्हणाली, "आत नको येऊस हं."

"नाही येत, ताई."

तिने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. मागच्या खोलीची कडी मात्र एकदा हात लावून बघितली.

"वा!" गाडीवाला ओरडला. "याला चादर, आणि आम्हाला चहासुद्धा नाही?"

"तो तुझ्याच बाजूला उभा आहे. दिसत नाही का?"

चादर दारातून ताणली गेली. मावशी गुणगुणायला लागली. ओळ शेवटच्या 'बाई'शी आली तेव्हा तिने तोंड मिटलं आणि चाल तेवढी चालू ठेवली. फाटकन झटक बसली. फुगा उंबरठ्यावर उठला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"थंडीत दार लावल्यावर काय करायचं?" शिडीने विचारलं.

"थंडीला वेळ आहे. लक्ष दे."

दोघं पुढे आली. मावशीची नजर त्याच्या पायांवर होती, जुनी खोड, पाऊल कुठे पडतंय ते बघायची. त्याची चप्पल उंबरठ्याच्या पलीकडे, बोटभर अंतर राखून थांबली. पलीकडे गेला होता तो तिचा स्वतःचा अंगठा. टोक अजून टोकाला लागायचं होतं, म्हणून तिने तो मागे घेतला नाही.