दोन बहिणींच्या गोळ्या

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे पाऱ्याचे यंत्र. लोकांना पाऱ्याची भीती वाटू लागली, तेव्हापासून कपाटात पडून आहे. पण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात एके काळी माझा मोठा मान होता. परिचारिका लाव्हिनिया मला पुसता पुसता म्हणायची, "हे म्हातारं कधी खोटं बोलत नाही."

त्या वर्षांत आमच्याकडे रक्तदाबाच्या दोन औषधांची तुलना चालू होती. एक जुने, एक नवे. कुणाला कोणते मिळाले, हे रुग्णाला ठाऊक नसे आणि लाव्हिनियालाही नसे. गोळ्या दिसायला सारख्या, बाटलीवर नुसता क्रमांक. कोणते औषध जास्त जीव वाचवते, हे शेवटी कळणार होते.

ओडेसा आणि तिची धाकटी बहीण व्हर्लीन, दोघीही त्यात होत्या. ओडेसा पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दाराशी उभी राहायची आणि येणाऱ्यांना जागा दाखवायची. प्रवचन संपेपर्यंत तिला हलता येत नसे. व्हर्लीन तिथेच गायची.

औषधाने ओडेसाचा पारा छान उतरला होता. एकदा लाव्हिनिया बाहेर गेली आणि दोघी माझ्यासमोरच कुजबुजल्या.

"ताई, या गोळीनं खोकला लागलाय गं. सूर लावला की ठसका!"

"तुझा ठसका परवडला. मला सारखं लघवीला पळावं लागतं. दारावरची बाईच पळाली, तर पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"मग बदलूया की! तू माझी घे, मी तुझी. दिसायला तर जुळ्याच आहेत."

"लाव्हिनियाला सांगायचं?"

"कशाला? नाव काढून टाकील आपलं."

दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

त्यानंतर ओडेसाच्या दंडाला पट्टा आवळला की पारा वरच थांबू लागला; व्हर्लीनची गोळी तिला लागू पडत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या औषधाची मात्रा वाढवली. ती बाटली घरी गेल्यावर व्हर्लीनच्या हातात पडायची. मी आकडा खरा दाखवत होते, पण त्यामागचे कारण माझ्या नळीत उमटत नव्हते.

ईस्टरच्या प्रार्थनेत ओडेसा दाराशीच कोसळली. तिला पक्षाघात झाला होता.

व्हर्लीन दोन्ही बाटल्या घेऊन आली आणि रडत रडत तिने सगळे सांगितले. लाव्हिनियाने दोन्ही बाटल्यांवरचे क्रमांक ताडून पाहिले.

"अगं, रविवारची गोळी तिनं प्रार्थनेनंतर घेतली असती तरी चाललं असतं. तुझ्या खोकल्यावरही काही उपाय केला असता. नुसतं सांगायचं होतं गं!"

ओडेसा पुन्हा आली ती चाकाच्या खुर्चीतून. उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. लाव्हिनियाने तिच्या डाव्या दंडाला हळूच पट्टा बांधला. तिचे औषध तिला परत मिळाले होते. पारा उतरला. ओडेसाचा आवाज मात्र परत आला नाही, आणि व्हर्लीनने गाणे सोडले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर घेतली का, एवढेच विचारू नका. गोळीचा काही त्रास होतो का, तेही जवळ बसून विचारा. ते माणूस लाजेल, हसण्यावारी नेईल. तरी पुन्हा विचारा. मला ते विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.