माझ्या पोटात अंडी नाहीत!

मित्रांनो, मी एक म्हातारा पट्टेरी मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि नर. नर हे मुद्दाम सांगतो, कारण इथल्या शिकल्यासवरल्या माणसांना ते कळता कळेना.

माझं अंडं पाण्यासारखं नितळ होतं. माझं काळीज पहिल्यांदा धडधडलं, ते प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या मावशीने भिंगातून पाहिलं. तिच्या बहिणीची छकुली जन्मापासून काळजाचे ठोके चुकवते. छकुलीच्या आईबाबांत त्रास न देता दडलेली खोट आमच्या कुळात मुद्दाम घातलीय, माझ्यातही ती आहे. तीच खोट दडलेल्या मादीशी माझी जोडी जमली, की काही पिल्लांचं काळीज छकुलीसारखं अडखळतं. मग त्यांच्यावर औषध आजमावायचं.

तरुणपणी मी मावशीचा राजा होतो. आता मी टाकीतल्या गर्दीतला एक, आणि खाऊ घालायला काका आहेत. माणूस प्रेमळ, हात सैल. "खा रे बाळा, खा," म्हणत चिमटीवर चिमटी. पोट सुटलं माझं, टम्म!

झालं! पोट पाहून मावशीने मला मादी ठरवलं. संध्याकाळी छोट्या टाकीत टाकलं, मध्ये पडदा, पलीकडे दुसरा नर. सकाळी दिवे लागले, अंडी घालायची हीच वेळ म्हणून पडदा निघाला. आम्ही दोघे एकमेकांची तोंडं बघत बसलो. अंडी कुठून येणार, कपाळ!

"काका, हिला अजून खायला घाला. अशक्त दिसतेय," मावशी म्हणाली.

अशक्त! मी!

रोज सकाळी तोच तमाशा. मग बहिणीचा फोन आला. "ताई, छकुली जिन्यात मटकन बसली गं. औषधाचं कुठवर आलं?"

"काय सांगू, मासेच ऐकत नाहीत."

ऐका मित्रांनो, मासे ऐकत नाहीत!

फोन ठेवून मावशी टाकीला नाक लावून बसली. माझ्या पोटावरची नराची पिवळी झाक तिला आत्ता दिसली. "अगं बाई! काका, हा तर नर!"

"मग इतके दिवस मी डोहाळे कुणाचे पुरवले?"

दुसऱ्या सकाळी खरी मादी आली. मी धापा टाकत तिच्यामागे पळालो, आणि टाकीतल्या जाळीतून खाली अंडी सांडली, दवासारखी. पुढे काही पिल्लांची काळजं अडखळली. औषधाचे थेंब पडले. एक काळीज थबकत, चाचपडत तालावर आलं. बाकीची नाही आली.

"एकाचं जमलंय गं," मावशी फोनवर बहिणीला म्हणाली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मुक्या जिवाला जीव लावा, पण आधी तो कोण आहे ते नीट बघा. आणि मला फुगवू नका. एकाने छकुलीचं भागणार नाही, मला अजून पळायचंय.