तक्त्यात न बसलेला भाऊ

आर्वेला टूमरच्या लेकीला, जूनीला, जुळं झालं ते वर्ष दोन हजार बाराचं. नातवंडांना बघायला आर्वेला अटलांटाला गेली आणि पंधरवड्याने अलाबामातल्या आपल्या घरी परतली, तर दारात कर कचेरीचं पत्र पडलेलं.

पत्र येणार हे तिला ठाऊक होतं. नवरा रॉस्को दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. त्या काळात घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस धुऊन, वेण्या घालून जे हाती यायचं ते आधी इस्पितळाला जायचं, मग औषधवाल्याला. सरकारचा वाटा राहून गेला. लपवाछपवी तिने केली नव्हती. दर वर्षी हिशेब कळवला होता, पैसे तेवढे भरता आले नव्हते. आता रॉस्को मातीआड गेला होता आणि थकबाकी व्याजासकट उभी होती. कचेरीचं म्हणणं, हप्ते बांधून देऊ, पण समोर या आणि जगायला महिन्याला काय लागतं ते सांगा.

आर्वेलाच्या वस्तीत एक रीत होती. मोठ्या घेणेकऱ्यापुढे उभं राहायचं तर आधी लहानसहान उधाऱ्या मिटवायच्या, म्हणजे मान वर करून बोलता येतं. आर्वेलाने तेच केलं. औषधवाल्याचं देणं चुकतं केलं आणि जुन्या ब्युइक गाडीचं उरलेलं कर्ज, हाताशी होतं नव्हतं ते गोळा करून, एकदम फेडून टाकलं. मग रविवारची निळी टोपी घातली, हातमोजे चढवले.

परसातल्या खोलीत तिचा थोरला भाऊ लॉन्झो राहायचा. लाकडाच्या गिरणीत त्याचा एक पाय गेला होता, तोंड मात्र शाबूत होतं.

"कचेरीत चाललीस का नवरा शोधायला?" तो कुबडीवर रेलून म्हणाला.

"तुझ्यासारखा मळका सदरा घालून गेले तर भीक मागायला आले म्हणतील."

"आणि असं गेलीस तर म्हणतील, बाईकडे पैसा आहे, ओढा."

"दादा, तोंड मिट आणि चुलीवरची चवळी बघ. करपली तर उपाशी बसशील."

कचेरीतला माणूस केसलर नावाचा, पोरसवदा, वागायला अगदी नम्र. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर छापील तक्ता होता. एका माणसाला खायला-कपड्याला इतकं, घराला इतकं, गाडीला इतकं. एवढं वजा केलं की उरेल तो सगळा हप्ता.

"घराचं कर्ज?"

"नाही. आम्ही फेडलं," आर्वेला अभिमानाने म्हणाली.

"मग घराच्या रकान्यात फक्त पट्टी, विमा आणि वीज-पाणी. गाडीचं कर्ज?"

"तेही नाही. गेल्याच महिन्यात फेडलं. तुमच्याकडे यायचं होतं म्हणून."

केसलरचा हात थांबला. "फेडायला नको होतं, मिसेस टूमर. हप्ता चालू असता तर तो खर्चात धरता आला असता. आता गाडीच्या मालकीचं शून्य. पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतं काय ते मिळेल."

"म्हणजे मी उद्या कर्ज काढून नवी कोरी गाडी दारात उभी केली असती, तर तुम्ही मला जास्त जगू दिलं असतं?"

"मर्यादेत राहून, हो."

"आणि मी जुनी गाडी फेडली म्हणून कमी?"

"नियम तसा आहे."

आर्वेलाने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. खाण्याच्या रकान्यापाशी तिने सांगितलं की चुलीवरचं दोघांचं असतं. केसलरने विचारलं, भाऊ तुमच्या घरात राहतो का? परसातल्या खोलीत. त्या खोलीला वेगळा पत्ता आहे का? आहे. मग तो तुमच्या घरातला नाही, तक्त्यात माणूस एकच.

"साहेब, तो माझ्या आईच्या पोटचा आहे. त्याची औषधं भागतात तेवढीच त्याला पेन्शन. जेवतो माझ्या ताटात."

"मला समजतं. पण धरता येत नाही."

शेवटी मंडळाची वर्गणी. बेथेल देवळाचं मयत मंडळ तिच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गणी द्यायची. माणूस गेलं की पेटी, कबर, गाडी सगळं मंडळाचं, आणि पेटीला खांदा द्यायला पांढऱ्या कपड्यातले सहा जण. त्यांच्या वस्तीत माणूस गरीब मेला तरी चालायचं, मंडळाविना मरणं ही नाचक्की. आर्वेला दोन नावांची वर्गणी भरायची, स्वतःची आणि लॉन्झोची.

केसलरने दोन्हींवर रेघ ओढली. मंडळ म्हणजे विमा कंपनी नव्हे, आणि दुसरं नाव तर घरातलंही नव्हे. "खाण्याच्या रकमेतून तुम्ही काय करता ते आम्ही विचारत नाही," तो हळूच म्हणाला. त्याला वाटलं, आपण मदतच केली.

"म्हणजे जेवू नका आणि पुरून घ्या, असंच ना?" आर्वेला उठली. "माझं देणं आहे, मी देईन. पण माझा भाऊ माणूस नाही हे माझ्या तोंडावर परत बोलू नका."

तिने वरच्या साहेबालाही फोन केला. त्याने जास्त गोड आवाजात तेच सांगितलं. हप्ता ठरला तो ठरला.

उन्हाळाभर तिने एकाच्या पैशात दोघांना जेवू घातलं आणि दोन्ही वर्गण्या भरल्या. मांस बंद झालं. चवळी, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा पाव. आपल्या ताटात ती भाजीचं पाणीच जास्त वाढून घ्यायची. सप्टेंबरात गाडीचं इंजिन बंद पडलं आणि दुरुस्तीला लागले तेवढे पैसे तक्त्याने दिले नव्हते. पुढच्या पहिल्या शनिवारी हातात एकाच नावापुरते पैसे उरले.

लॉन्झो त्या दिवशी तिच्याआधीच देवळाच्या तळघरात जाऊन बसला होता.

"डीकन गॅटलिन," त्याने खजिनदाराला हाक मारली, "माझं नाव खोडा. मला जिल्ह्याने बेवारशासारखं पुरलं तरी चालेल. अर्धाच माणूस उरलाय, खड्डाही लहान लागेल."

कोणी हसलं नाही.

आर्वेला पुढे झाली आणि टेबलावर पैसे ठेवले. "हे लॉन्झो पेटवेच्या नावाचे. माझे या महिन्यात नाहीत. पुढच्याही नाहीत."

"सिस्टर आर्वेला," डीकन म्हणाला, "तीन महिने चुकले की नाव जातं. आणि साठीनंतर आपण कोणाला नव्याने घेत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग आम्ही थोडे थोडे घालतो ना."

"नियमात बसतं का? रक्ताच्या माणसाशिवाय दुसऱ्याची वर्गणी भरता येते?"

डीकनने पैसे वहीत मांडले. तो नियम त्याच्याच बापाने घातला होता.

"तुला वेड लागलंय!" लॉन्झो कुबडी आपटत ओरडला. "मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा! आधी कोण जाणार ते आंधळ्यालाही दिसतंय!"

"म्हणूनच तुझी भरतेय, मूर्खा. तू गेलास की मग माझं बघू. लेक आहे मला, तुला कोण आहे?"

"जूनीला दोन तान्ही पोरं आहेत, तिच्याकडे कुठून येणार?"

"दादा, सगळ्यांसमोर तमाशा नको. त्या कचेरीने तुला माझ्या घरातून काढलं. मंडळातून मी काढू देणार नाही."

लॉन्झो घरी येईस्तोवर शिव्या देत राहिला. मंडळाला, कचेरीला, बहिणीला. त्या रात्री तो तिच्याकडे जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने ताट परसात नेऊन ठेवलं आणि तो खाईपर्यंत तिथून हलली नाही.

हिवाळ्यात आर्वेलाचं नाव मंडळातून गेलं. कर कचेरीचा हप्ता मात्र तिने एकदाही चुकवला नाही. पुढे तिला धाप लागू लागली. डॉक्टरकडे जाणं ती टाळत राहिली, कारण तपासणीला लागेल ती रक्कम महिन्याच्या ठरीव आकड्यापेक्षा जास्त होती. कचेरीला पुरावा पाठवून वाढवून मागा, असं जूनी फोनवर सांगायची. "एकदा मागून आले," आर्वेला म्हणायची. "आता परत त्या खुर्चीत बसणार नाही."

ती गेली तेव्हा जूनीने कर्ज काढून पेटी आणली. मंडळात नाव नसलेल्याच्या पेटीला मंडळाचा पोशाख घालून खांदा देता येत नाही. तेव्हा डीकन गॅटलिन आणि बाकीचे पाच जण रोजच्या कपड्यात आले आणि त्यांनी पेटी उचलली. लॉन्झो कुबडीवर मागून चालला.

कर कचेरीला जूनीने कळवलं. उरलेली थकबाकी घर विकून वसूल झाली. फेडलेल्या घराचे पैसे चांगले आले. लॉन्झोला परसातली खोली सोडावी लागली, त्याची वर्गणी मात्र जूनीने चालू ठेवली.

आर्वेला टूमर दोन हजार चौदा साली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी वारली. लॉन्झो पेटवे दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत गेला. त्याला मंडळाने पुरलं.