दोनशे सोळा चौकटी

ऋचाचं म्हणणं सरळ होतं. फिल्मवर काळाने जे केलं ते पुसायचं आणि फिल्म करणाऱ्यांनी जे केलं ते राखायचं. तिच्या कामाचा नियमच तो. मला एवढंच सांगायचं होतं, की त्या नऊ सेकंदांतले ओरखडे कुणाचे, काळाचे की माणसाचे.

सांगायला काय जातंय! पण माझी जीभ उचलेना.

फिल्म आमचीच. चौऱ्याहत्तरच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनात आम्ही आठ-दहा पोरापोरींनी बडोद्याच्या रस्त्यांवर काढलेली. नाव ‘अमे आवीए छीए’, म्हणजे आम्ही येतोय. तुकडे कापून जोडायचं, जुळवणीचं काम माझं. राज्याचं सरकार पडलं तेव्हा वाटलं होतं, आता सगळं बदलणार. हसू नका, बावीस वर्षांची होते मी. कसले आलो नि कुठे गेलो, देव जाणे. एकुलती एक प्रत माझ्या ट्रंकेत पडून राहिली. मध्यंतरी डबा उघडला तर घरभर व्हिनेगरचा वास सुटला, फिल्म कुजायला लागल्याची खूण. ऋचा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली. तिने फिल्म नेऊन साफ केली, संगणकावर घेतली, आणि आता बडोद्यात समा भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मांडून बसली होती.

मोर्चाच्या दृश्यात पुढच्या रांगेत एक तरुण नऊ सेकंद मूठ उगारून चालतो. चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं वळवळतं. ऋचा म्हणाली, जुने फोटो द्या, संगणक चेहरा भरून देईल, कुणाला कळणारही नाही. पण हे नुकसान असेल तरच.

तो माझा भाऊ, रमाकांत. आणि ते ओरखडे मी काढलेत, शिवणाच्या सुईने.

आणीबाणीत पकडापकडी आमच्या गल्लीपर्यंत आली. पोलीस फिल्म शोधतायत, असं कुणीतरी सांगून गेलं. दादाला नुकतंच एका कारखान्याचं मुलाखतीचं पत्र आलेलं. आई म्हणाली, जाळून टाक. मी ऐकेना. मग म्हणाली, निदान त्याचं तोंड तरी काढ त्यातून. दादा खिडकीशी उभा होता, ना हो म्हणाला, ना नाही. सलग दोन दुपारी आई भिंग धरून बसली आणि मी दोनशे सोळा चौकटींवरून भावाचा चेहरा खरडला. चौथ्या दिवशी पोलीस आले, फिल्म घेऊन गेले, लावून बघितली, आणि मला उचललं. पाच महिने आत होते. फिल्म पुढे निवडणुकीनंतर गोणपाटात बांधून परत आली.

दादाला नोकरी लागली. वाघोडियाच्या त्या कारखान्यात मॅनेजर झाला. सत्त्याऐंशी साली कामगार संपावर बसले तेव्हा फाटक उघडून पोलीस आत घेणारा हाच. तेव्हापासून आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं. नव्हतंच बोलायचं मला.

आणि त्या गुरुवारी, ऋचा समोर बसलेली असताना, हा काठी टेकत दोन जिने चढून आला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. हातात लीलो चेवडोची, इथल्या ओल्या चिवड्याची पुडी, मला आवडतो म्हणून. धाप ओसरल्यावर ऋचाने काय अडलंय ते सांगितलं, तसा तो मुद्द्यावर आला. नात प्राची कॉलेजात राज्यशास्त्र शिकते, तिला हा वर्षानुवर्षं सांगत आलाय की मोर्चात मी सगळ्यात पुढे होतो. फिल्म दुरुस्त करून लोकांना दाखवणार म्हटल्यावर ती बघायला येणार होती.

“नुकसान आहे म्हणून सांग, वसू. आयुष्यात एवढं एक बरं काम केलं मी. तेवढं तरी दिसू दे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणावंसं वाटलं, बरं, आणि वाघोडियाच्या फाटकावरचा चेहरा कुठे लपवशील? पण खोटं तरी काय सांगत होता तो? चालला होताच की. छाती काढून चालला होता. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. मी ऋचाला म्हटलं, लाव एकदा, त्याला बघू दे. त्याने ती फिल्म कधी पाहिलीच नव्हती.

त्याने पाहिली. पुन्हा लाव म्हणाला. तिसऱ्यांदा लावल्यावर चष्मा पुसून पुढे वाकला आणि पडद्यावर बोट ठेवलं. ओरखड्यांवर नाही, त्यांच्या शेजारी. तिथे दोन वेण्यांची मी, तोंड हे एवढं उघडं, घोषणा देतेय. लख्ख दिसतेय.

“तुझा चेहरा का नाही खरडलास?”

“कुणी सांगितलंच नाही, दादा.”

बोलून गेले आणि मगच माझ्या लक्षात आलं. दोन दुपारी सुई माझ्याच हातात होती, माझा चेहरा तिथे बोटभरही लांब नव्हता, आणि ते माझ्याही मनात आलं नव्हतं. पन्नास वर्षांत एकदाही आलं नाही. मला रडू फुटलं. दादाने पाणी आणून दिलं. स्वयंपाकघरात पेला शोधायला त्याला वेळ लागला, या घरात तो कधी आलाच नव्हता ना.

शेवटी ऋचाने हळूच विचारलं, मग काय लिहू, कुणी केलेत?

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला.

“राहू दे ते ओरखडे, बेटा. घरच्यांनी केलेत, असं लिही. आणि प्राची आली की तिच्या शेजारी मला बसव. तिला मीच सांगतो, कुणासाठी केले ते.”