प्रत्येक ओळीपुढे नवनाथ

हार्ड डिस्कवरच्या माहितीचा एक तुकडा, म्हणजे ब्लॉक, वाचायचा कोड नवनाथने आमच्या फाइल सिस्टीममध्ये जागोजागी जसाच्या तसा चिकटवून ठेवला होता. एकदाच लिहावा आणि सगळीकडून वापरावा, एवढं साधं त्याला कधी पटलं नाही. "चालतंय ना, तेजल? मंग कशाला हात लावती?" असं हा सायखेड्याचा माणूस वर मलाच ऐकवायचा.

गेल्या महिन्यात तो अपघातात गेला आणि ते सगळं निस्तरायचं काम माझ्याकडे आलं.

नाशिकच्या ऑफिसात, त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी एकेक नक्कल हुडकून काढली. आमच्याकडे ओळ कुणी लिहिली त्याचं नाव तिच्यापुढे दिसतं. दर ठिकाणी नवनाथ. दर ठिकाणी मी मोठ्याने शिवी घातली. "अरे गाढवा, इथेपण?" कुणीही मला गप्प केलं नाही.

संध्याकाळपर्यंत साऱ्या नकला काढून टाकून मी एकच नीटस फंक्शन लिहिलं. चाचण्या पास झाल्या. सवयीने मी फाइल पुन्हा उघडली. आता प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव होतं. वरपासून खालपर्यंत शोधलं, पण शिवी घालायला नवनाथ कुठेच उरला नव्हता.